दारात चालू उभी जीप

भीमराज भिंगारदिवेची जीप गार असली की गरीब गाय. सकाळी सहाला भिंगारच्या गल्लीत चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. पण एकदा का तिनं इमामपूरचा घाट चढला, इंजिन तापलं, आणि मग कुणी ती बंद केली, की आटोपलं. चावी फिरवा, सेल्फ एकदाच 'टक' करणार आणि गप्प बसणार. शिव्या द्या, बॉनेटवर थापा मारा, वरून पाणी ओता, ढिम्म हलायची नाही. तास-दीड तासानं निवली की पुन्हा आपली शहाण्यासारखी चालू.

हे दुखणं तीन वर्षांचं. नगरातल्या तीन गॅरेजांत दाखवून झालं. पहिल्यानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं सेल्फ खोलून वाइंडिंग नवीन भरलं. तिसऱ्यानं तोच सेल्फ पुन्हा खोलला आणि दुसऱ्याला नावं ठेवली. सगळीकडे एकच तऱ्हा. गाडी संध्याकाळी सोडायची, सकाळी मेकॅनिकनं गार गाडीला चावी मारायची, ती चालू व्हायची आणि तो म्हणायचा, "झालं बघा काम." डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ ठणकायची थांबते, त्यातली गत. शेवटी भीमराज कंटाळला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला कंटाळायला कारण लागत नाही, आणि याच्याकडे तर कारणांची कमी नव्हती. पाठ धरलेली, गुडघा कुरकुरणारा, घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही. बायको सुमनबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानं जीपशी तडजोड करून टाकली. दिवसभर तिला बंदच करायची नाही.

माळीवाडा स्टँडच्या बाहेर शिटा भरायच्या, शनिशिंगणापूरला न्यायच्या, दर्शन होईपर्यंत थांबायचं, परत आणायच्या. बावीस वर्षं तो हेच करत होता. स्वतः बुद्धवंदना म्हणणारा माणूस. त्याला शनीची भीती नव्हती आणि शनीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. शनिवारी गर्दी जास्त, तेव्हा शनिवार चांगला, एवढाच त्याचा आणि शनीचा व्यवहार. पाटीवर लिंबू-मिरची नाही म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. तो म्हणायचा, "मिर्ची डायवरनं खाल्ली, बसा."

पण शिंगणापूरशी त्याचं एक वेगळं नातं तीन वर्षांपूर्वी जुळलं, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. त्याची एकुलती एक लेक अश्विनी शिंगणापूरच्या एका वस्तीवर नांदत होती.

अश्विनी आणि गोरक्ष नगरच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत कामाला. गोरक्षचं घर शेतकऱ्याचं, आठ एकर ऊस-कांद्याचं, हिंदू. पोरांनी एकमेकांना पसंत केलं आणि दोन्ही घरी सांगितलं. आरडाओरडा कुणीच केला नाही. भीमराज आठ दिवस गप्प होता आणि नवव्या दिवशी म्हणाला, "तुला बरं वाटत आसंल तर मला बरंच हाय." रजिस्टर लग्न झालं, मग नगरच्या एका हॉलमध्ये जेवण. गोरक्षची आई आक्काबाई, विधवा बाई, नऊवारीचा पदर खोचून दोन्हीकडच्या पाहुण्यांना आग्रहानं वाढत होती. भीमराजच्या ताटात तिनं स्वतः बुंदी वाढली. पण हॉलमध्ये काय, सगळेच केटररच्या ताटात जेवतात. भीमराजला ते पुरेसं वाटलं नाही. माणसाचं खरं त्याच्या घरातल्या फळीवर कळतं, असं त्याचं मत होतं, आणि ते मत त्यानं वाचून बनवलं नव्हतं.

तो सात वर्षांचा होता. बाप जालिंदर गावच्या एका बागायतदाराकडे सालानं कामाला. दुपारची भाकरी घेऊन भीमराज जायचा. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात कान तुटलेला एक चिनी मातीचा कप. चहाच्या वेळी बाप तो कप काढायचा, खाली ठेवायचा. घरातली बाई वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की बाप तो हौदावर नेऊन विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. एकदा भीमराजनं विचारलं, "दादा, ह्यो कप आपला हाय का?" बाप म्हणाला, "व्हय. आपलाच." पोरगं खूश झालं. मोठ्या लोकांच्या घरात आपला एक कप आहे, हे त्यानं शाळेत दोघातिघांना सांगितलंही. त्याचा अर्थ कळायला पुढं चार-पाच वर्षं गेली, आणि कळला तेव्हा त्याला बापाचा नाही, स्वतःचाच राग आला.

काळ बदलला. भीमराजनं स्वतः हजार ठिकाणी चहा प्यायला. हॉटेलात, गॅरेजात, गिऱ्हाइकांच्या घरी, आणि कुणी काही विचारलं नाही. पण लेकीचं घर वेगळं. तिथं आपण गेलो, आणि आतून वेगळा कप आला तर? आपण आयुष्यात बरंच गिळलं, तेही गिळू. पण तो कप अश्विनीनं बघितला, की तिनं कुणाकडं बघायचं? नवऱ्याकडं, सासूकडं, का बापाकडं? तिच्या संसारात आपल्या हातानं असा खडा टाकायला भीमराज तयार नव्हता. सून म्हणून ती चालली, म्हणून तिचा बाप चालेलच असं त्याला वाटत नव्हतं. आणि विचारणार कुणाला? लेकीला विचारावं, तर जिभेवरच येईना. "बरंय ना?" एवढंच तो विचारायचा. "बरंय," एवढंच ती म्हणायची.

म्हणून तो जायचा, पण उतरायचा नाही. शिटांना दर्शनाला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात तो रिकामी जीप दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर न्यायचा, दारात उभी करायचा आणि इंजिन चालूच ठेवायचा. खिडकीतून पिशवी द्यायचा. पिशवीत खारी, केळी, नातीसाठी कधी टोपरं. अश्विनी नातीला खिडकीपाशी धरायची, ती चौदा महिन्यांची पोर त्याच्या मिशीला हात घालायची. इंजिनाच्या धडधडीत बोलणं धड ऐकू यायचं नाही, आणि ते भीमराजच्या पथ्यावरच पडायचं.

आक्काबाई सुरुवातीला दर वेळी म्हणायची, "आवं पाव्हनं, उतरा की खाली. च्या टाकते."

"न्हाई ईहीनबाई, शिटा खोळंबल्यात."

गाडी तापली की चालू होत नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोरक्ष म्हणाला असता, मामा, उतरा बिनधास्त, मी धक्का मारतो. मग काय बोलणार? शिवाय व्याह्याच्या दारात गाडी बंद पडायची आणि सासरच्या माणसांनी ती ढकलायची, हेही त्याला नको होतं. सहा-आठ महिन्यांनी आक्काबाईनं म्हणणं सोडलं. मग ती नुसती चौकटीपर्यंत यायची, बघायची आणि आत जायची. शिंगणापूरच्या रिवाजाप्रमाणं त्या घराला दार नव्हतंच, नुसती चौकट आणि तिला फुलाफुलाचा पडदा. ज्या घराला दारच नाही, त्या घराच्या बाहेर भीमराज तीन वर्षं उभा होता.

आणि गेल्या बुधवारी अश्विनीचा फोन आला. आवाज चढा नव्हता. थकलेला होता, आणि ते जास्त वाईट.

"पप्पा, शनिवारी येणार ना?"

"येतो की."

"उतरणार असाल तर या. नाहीतर पिशवी द्यायलापण येऊ नका. सासूबाई मला काही बोलत नाहीत, पण मला समजतं. दर वेळी मी तुमची बाजू घ्यायची, गर्दी आहे, शिटा आहेत... दमले मी आता."

त्या रात्रीची भाकरी त्यानं कुत्र्याला घातली.

शनिवार उजाडला. वैशाखाचं ऊन, आठ वाजताच डोकं तापलेलं. जीपमध्ये आठ शिटा, सगळ्या राजूरकडच्या. पुढच्या सीटवर आप्पासाहेब म्हणून एक रिटायर तलाठी. सगळ्या जगाची नोंद आपल्याच दप्तरात आहे अशा थाटात बोलणारा गृहस्थ. नगर सोडल्यापासून त्यानं भीमराजला रस्ता कुणी बांधला, किती वेळा उकरला आणि का उकरला हे ऐकवलं. भीमराज हूं हूं करत होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आज उतरायचं का नाही. उतरलो तर काय येईल, आणि न उतरलो तर लेक आणि नात खिडकीतूनसुद्धा दिसणार नाहीत.

घाट चढून गाडी पांढरीच्या पुलाच्या फाट्यावर आली. चहाला दहा मिनिटं थांबायचा त्याचा नेम. इंजिन चालू ठेवून तो बाटली भरायला हॉटेलात गेला. परत येतो तर धडधड थांबलेली.

"डिझेल काय फुकट येतं का?" आप्पासाहेब चावी बोटात फिरवत म्हणाले. "म्हणलं उगं जळतंय, बंद करावं."

भीमराजनं चावी घेतली, आत बसला, फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

"लिंबू-मिर्ची न्हाई गाडीला," मागची एक म्हातारी म्हणाली. "मंग काय हुनार?"

रस्ता सपाट, उतार नाही. शिटांमध्ये चार म्हाताऱ्या, दोन गुडघेदुखीवाले, आणि उरलेले दोघे धक्का म्हटल्यावर चपला शोधायला लागले. भीमराजनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. गाडी इथंच तासभर अडकली, की पोचायला उशीर. उशीर झाला की वस्तीवर जायला वेळ नाही. फोन करता येईल, "बाई, गाडीच बंद पडली, काय करू?" यात खोटं काहीच नव्हतं.

समोर गहिनीनाथचं गॅरेज. गहिनीनाथ साठीचा, काळा, दोन दात पडलेला. शनिवारी त्याचं शटर अर्धं खाली असे. शनिवारी नवं लोखंड विकत घ्यायचं नाही आणि गाडीला लावायचंही नाही, हा त्याचा नेम. म्हणून आठवड्यातल्या सगळ्यात जास्त गाड्यांच्या दिवशी हा माणूस पेपर वाचत बसायचा. त्यानं पेपरावरून डोळे उचलून बघितलं, उठला आणि बनियनवरच रस्ता ओलांडून आला.

"काय झालं भीमराजभाऊ?"

"काय न्हाई. तापलीय. निवली की व्हईल चालू."

"कवापास्नं व्हतंय आसं?"

"झाली की तीन वर्सं."

गहिनीनाथनं कमरेवर हात ठेवले. "तीन वर्सं? आन रोज माज्या दारावरनं जातोस? येकदा बी न्हाई बोललास?"

"येळच न्हाई घावला."

"रोज च्या प्यायला घावतो."

गहिनीनाथ तिऱ्हाईत माणूस, त्याला आतलं काही माहीत नव्हतं, पण बाण बरोबर बसला होता. गहिनीनाथ हा गाडी बरी करणारा माणूस आहे, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. म्हणूनच भीमराज त्याच्याकडे गेला नव्हता. नगरातल्या तिघांकडे गेला, गाडी गार असताना दिली, आणि ती दुरुस्त झाली नाही यावर त्यानं फार लवकर समाधान मानलं. हे त्याला आज, त्या उन्हात, पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, आणि आपलीच आपल्याला लाज वाटली.

"बॉनेट उघड," गहिनीनाथ म्हणाला. "तापल्याली हाय तवर रोग घावंल. गार झाल्यावं काय डोंबल घावतंय?"

त्यानं आधी काहीच खोललं नाही. नुसता वाकून उभा राहिला. "मार सेल्फ," म्हणाला. भीमराजनं चावी फिरवली. टक. "परत मार." टक. गहिनीनाथनं बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरांवर एकेक करून बोटं ठेवली. एकीवर ठेवली, दुसरीवर ठेवली, मग बॉडीकडून इंजिनाला जाणाऱ्या तिसरीवर ठेवली आणि झटकन हात मागं घेतला.

"ही बघ. चटका बसतो. जिथं करंट आडतो तिथं वायर तापती."

"इंजिन तापल्यालं हाय, वायर बी तापनारच की," आप्पासाहेबांनी मागून नोंद केली.

"मंग बाकीच्या का न्हाई तापल्या?" गहिनीनाथनं मान न वळवता विचारलं. आप्पासाहेब सावलीला जाऊन उभे राहिले.

गॅरेजातून त्यानं दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायची लांब केबल आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं सरळ इंजिनाच्या अंगाला चिमटवलं. "मार आता."

भीमराजनं चावी फिरवली. जीप अशी चालू झाली, जणू सकाळचे सहा वाजलेत आणि ती भिंगारच्या गल्लीत उभी आहे. शिटांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं हात जोडले. भीमराजचं तोंड तेवढं उतरलं.

"अर्थिंगची वायर गेलीय," गहिनीनाथ म्हणाला. त्यानं ती जुनी वायर काढून ब्लेडनं वरचं रबर चिरलं. आतली तांब्याची तार हिरवी पडून भुसा झाली होती, पाच-सहा तारा काय त्या धड. "गार आसताना सेल्फ कमी वढतो, तेवढं ह्या तारा भागवत्यात. तापला की त्याला जास्त लागतं आन हितं आडतं. सेल्फ चांगला, बॅटरी चांगली. वरून दिसतच न्हाई, तर कुनाला कळनार?"

"पर आज शनवार," भीमराज घाईनं म्हणाला. "तू तर नवं काय लावत न्हाईस."

"लोखंड न्हाई लावत," गहिनीनाथ हसला. पडलेल्या दातांची फट दिसली. "ही तांब्याची हाय. तांब्याला शनवार लागत न्हाई."

वीस मिनिटांत नवी वायर बसली. त्यानं गाडी मुद्दाम बंद केली, चालू केली, बंद केली, चालू केली. चार वेळा. प्रत्येक वेळी भीमराजच्या हातातून एकेक कारण निसटत होतं. शेवटी गहिनीनाथनं बॉनेट आपटलं आणि पुसायच्या फडक्यानं हात पुसत त्याच्याकडे नीट बघितलं. "काय रं भाऊ, मानूस गाडी नीट झाल्यावं हसतो. तू तर मयतीला आल्यावानी उभा हायेस."

"दमलोय रं," भीमराज म्हणाला. तेही खरंच होतं. एक गोष्ट तीन वर्षं लपवत राहणं हे गाडी चालवण्यापेक्षा जास्त दमवतं.

साडेबारा वाजता त्यानं शिटा शिंगणापूरच्या पार्किंगला उतरवल्या. "तासाभरानं हितंच," म्हणाला आणि वस्तीच्या रस्त्याला लागला. दोन किलोमीटरचा रस्ता त्याला त्या दिवशी पुरला नाही. उसाला पाणी सुटलेलं होतं, एक बाई शेळ्या घेऊन बांधानं चालली होती, आणि तेवढ्यात घर आलं.

दारात नेहमीच्या जागी जीप उभी केली. इंजिन धडधडत होतं. अश्विनी पडद्याआडून बाहेर आली, कडेवर नात. ती खिडकीपाशी आली नाही. ओट्यावरच उभी राहिली आणि बापाकडे बघत राहिली. नातीनं हात पुढं केले, तरी ती हलली नाही.

भीमराजचा हात चावीवर होता. त्याला वाटलं, पिशवी ओट्यावर ठेवावी आणि निघावं. त्याला कान तुटलेला कप दिसत होता, हौदावर वाकलेली बापाची पाठ दिसत होती. मग त्यानं पुन्हा लेकीकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. फोनवर ती दमले म्हणाली होती, आणि तिला दमवणारा दुसरा कुणी नव्हता, तिचा बापच होता.

त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं.

तीन वर्षांत त्या दारात एवढी शांतता पहिल्यांदा झाली. घरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि आक्काबाई पदर सावरत धावत बाहेर आली. "गोरक्षा, आरं गोरक्षा! पाव्हन्यांची गाडी बंद पडली बघ. ये लवकर, धक्का मार. मी बी लावते हात." आणि ती खरंच जीपच्या मागं जाऊन दोन्ही हात लावून उभी राहिली.

भीमराज दार उघडून खाली उतरला. पाय जमिनीला टेकल्यावर गुडघा करकरला.

"बंद पडली न्हाई ईहीनबाई," तो म्हणाला. "मी बंद केली."

आक्काबाई जीपला हात लावून तशीच राहिली. मग तिनं हात काढले, लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "मंग चला की घरात. उन्हात काय उभं ऱ्हायचं?"

त्यानं चौकट ओलांडली. आत गार होतं. गोरक्षनं खुर्ची दिली, अश्विनीनं पाण्याचा तांब्या दिला आणि नातीला त्याच्या मांडीवर ठेवलं. स्वयंपाकघराची फळी खुर्चीतून दिसत होती. फळीवर स्टीलच्या पेल्यांची रांग, खिळ्यांना टांगलेले सहा-सात पांढरे कप, कुणाचा रंग गेलेला, कुणाचा टवका उडालेला. भीमराज नातीशी बोलत होता, पण लक्ष सगळं फळीकडे. आक्काबाईनं चहा उकळला. टांगलेल्या कपांना तिनं हात लावला नाही. वाकून तिनं खालचं फडताळ उघडलं आणि मागून कापडात गुंडाळलेला एक कप बाहेर काढला.

भीमराजनं मान खाली घातली. संपलं, त्याला वाटलं. अश्विनीकडे बघायचा त्याला धीर होईना. नातीचं बोट त्यानं मुठीत घट्ट धरलं.

बशीत ठेवलेला कप त्याच्यासमोर आला. निळी नक्षी, सोनेरी कड, एक ओरखडा नाही.

"घ्या," आक्काबाई म्हणाली. "लग्न झालं त्याच म्हैन्यात नगरच्या कापडबाजारात जाऊन आनला तुमच्यासाठी. म्हणलं व्याही यील, त्याला काय असल्या फुटक्या कपात द्यायचा? तीन वर्सं गुंडाळून ठिवलाय. तुमी उतरंनातच. शेवटी मी मनाशी म्हणलं, पोरीच्या बापाला आमच्या घरचं पानी चालत न्हाई, आसंच दिसतंय."

भीमराजनं वर बघितलं. इतकी वर्षं ज्या कपाला तो भ्याला होता, त्याच्या पलीकडच्या बाजूला ही बाई तेवढीच भिऊन उभी होती. कप वेगळाच होता, पण मानाचा. मोठ्या लोकांच्या घरात आपला एक कप आहे, असं सात वर्षांच्या भीमराजला वाटलं होतं, ते आज खरं ठरलं होतं. पण तरीही त्याचा हात पुढं होईना.

"ईहीनबाई," तो म्हणाला, "लई भारी कप हाय. पर मला तुमी घेता त्यातलाच द्या."

"आवं पर तुमच्यासाठीच आनलाय..."

"व्हय. म्हनूनच."

आक्काबाईला ते कळलं नाही. गोरक्षलाही नाही. अश्विनीला कळलं. आजोबाच्या कपाची गोष्ट तिनं लहानपणी एकदा आईच्या तोंडून ऐकली होती. ती उठली, खिळ्यावरचा एक टवका उडालेला कप काढला, त्यात चहा ओतला आणि बापाच्या हातात दिला. आक्काबाई दोघांकडे बघत राहिली. मग "बरं बाई, तुमची तऱ्हा," म्हणून तिनं तो सोनेरी कडेचा कप उचलला, खाली बसली आणि फुर्रकन चहा ओढला. "मंग ह्यातला मीच पिते. कवाधरनं मन व्हतं."

सगळे हसले. भीमराजही हसला. चहा गोड होता, जरा जास्तच. त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. खिशात फोन वाजत होता, बहुतेक आप्पासाहेब, वेळेची नोंद द्यायला. वाजू दे म्हटलं.

मग तो उठला, रिकामा कप घेतला आणि मोरीकडे निघाला. आपण काय करतोय हे त्याला कळलंच नाही, पाय आपोआप निघाले होते. आक्काबाईनं त्याला मध्येच गाठलं आणि कप हातातून ओढून घेतला.

"ठिवा खाली! पाव्हन्यानं कप धुवायचा आसतो व्हय?"

तिनं तो मोरीत टाकला. तिथं आधीच गोरक्षचा होता, अश्विनीचा होता, सकाळचे दोन होते, सगळे पांढरे, सगळे टवके उडालेले. भीमराज क्षणभर वाकून बघत राहिला. त्यातला आपला कुठला, हे त्याला ओळखता आलं नाही.